‘समुद्रापासून पाचशे मीटर’ म्हणजे नेमके किती?

संपादक महोदय,

सुट्ट्या जवळ आल्या की पर्यटनाच्या पुरवण्यांत रत्नागिरीचा नंबर लागतो आणि सल्लाही ठरलेला असतो: गणपतीपुळ्याला समुद्राला लागून खोली घ्या आणि तिथून रत्नागिरी फिरा. देवदर्शन घेऊन दोन दिवस वाळूत बसायचे असेल, तर हे ठीक आहे. पण रत्नदुर्ग, थिबा राजवाडा, टिळकांचे जन्मस्थान, पावस आणि जयगड असे सगळे तीन दिवसांत उरकायच्या बेताने जे कुटुंब रेल्वेने येते, त्याचा निम्मा वेळ आणि बरेचसे पैसे या सल्ल्यापायी रस्त्यावरच जातात. तेव्हा मुक्काम कुठे करावा याबद्दल थोडे तपशिलात लिहीत आहे.

आधी भूगोल. रेल्वे स्टेशन शहरात नाही, कुवारबावला आहे. तिथून साळवी स्टॉप, मारुती मंदिर, माळनाका, जयस्तंभ अशा क्रमाने रस्ता खाली बाजारपेठेत आणि पुढे मांडवीकडे उतरतो. एसटी स्टँडपर्यंतचे अंतर पाच-सहा किलोमीटर. गणपतीपुळे शहराच्या उत्तरेला, आरे-वारेच्या किनारी रस्त्याने सुमारे २५ किलोमीटर. पावस दक्षिणेला, भाट्याचा पूल ओलांडून वीसेक किलोमीटर. म्हणजे पुळ्यात राहून पावसला जायचे तर शहर आरपार करून एका दिशेचेच ४५ किलोमीटर होतात. घाटवळणांचा रस्ता, वाटेत साखरतरसारख्या अरुंद वस्त्या. मुंबई-पुण्याच्या हिशेबाने वेळ मांडणारे इथे हमखास चुकतात.

म्हणून साधा नियम असा, की रेल्वेने किंवा एसटीने येणाऱ्याने पहिला मुक्काम शहरात, मारुती मंदिर ते जयस्तंभ या पट्ट्यात करावा. रिक्षा दारात मिळते, औषधाचे दुकान आणि डॉक्टर जवळ, जेवायला चार पर्याय, आणि उत्तर-दक्षिण दोन्हीकडची एसटी हाताशी. सकाळी टिळक आळी आणि पतितपावन मंदिर (१९३१ साली उभे राहिलेले), मग १९१० मध्ये बांधलेला थिबा राजवाडा, दुपारी विश्रांती, संध्याकाळी किल्ला किंवा भाट्ये हे सगळे पाच-सात किलोमीटरच्या आत बसते. खिडकीतून समुद्र दिसणार नाही, हे खरे. पण दिवसभर बाहेर असणाऱ्याला खिडकीचा उपयोग तरी काय?

स्वतःची गाडी घेऊन मुंबईहून येणाऱ्यांचे गणित वेगळे. त्यांनी महामार्गावर निवळीला वळून जाकादेवीमार्गे थेट पुळे गाठावे, दोन दिवस तिथे राहावे आणि परतताना एक दिवस शहराला द्यावा. कोल्हापूरहून आंबा घाटाने येणारे हातखंब्याला पोचतात. त्यांना आधी शहर आणि मग पुळे हा क्रम सोयीचा पडतो. पहाटेच्या आरतीला उभे राहायचे असेल, तर मात्र आदली रात्र पुळ्यात काढण्याला पर्याय नाही. मालगुंडचे केशवसुत स्मारक आणि जयगडही पुळ्यातूनच करावेत, शहरातून नव्हे.

आता शीर्षकातल्या पाचशे मीटरकडे वळतो. जाहिरातीतले हे अंतर कावळ्याचे, म्हणजे सरळ रेषेतले असते. आपला किनारा सपाट नाही. वर जांभ्या दगडाचे पठार, म्हणजे सडा, खाली कडा आणि कड्याच्या पायथ्याशी पुळण, म्हणजे वाळूचा किनारा. सड्यावरच्या घरातून समुद्र दिसतो झकास, पण पाण्यात पाय बुडवायला तीन-चार किलोमीटर वळसा घालून उतरावे लागते आणि म्हाताऱ्या माणसांना तेवढेच पुन्हा चढावे लागते. शहरातले नमुनेदार उदाहरण मांडवी आणि भाट्ये यांचे. मांडवीच्या जेटीवर उभे राहिले की समोर भाट्याचे सुरूबन हाकेच्या अंतरावर दिसते. मध्ये काजळी नदीचे मुख आहे, त्यामुळे रस्त्याने बाजारपेठेतून पुलाकडे जाऊन फिरून यावे लागते. मिऱ्या आणि काळबादेवी यांचेही तेच. समोरासमोर, पण मध्ये खाडी. फोनवर ‘समुद्र समोरच हो’ असे उत्तर आले, तर दोनच प्रश्न विचारावेत: चालत किती मिनिटे लागतात, आणि पायऱ्या किती? मालक प्रामाणिक असेल तर लगेच आकडा सांगतो. ‘तसं काही नाही हो, येईल उतरता’ असे म्हणाला, तर काय ते समजून घ्यावे.

वाळूची जातही विचारून घ्यावी. मांडवीची काळसर, भाट्याची लांबरुंद आणि चालायला उत्तम. मिरकरवाडा हे मासेमारीचे बंदर आहे. तिथली सकाळ पाहण्यासारखी असते, पण त्या वाऱ्याच्या रेषेत खोली घेऊन वासाची तक्रार करू नये. पोहण्यासाठी म्हणून तर कोणताच किनारा निवडू नये. गणपतीपुळे आणि आरे-वारे इथे तळ एकदम खोल जातो आणि ओढ असते. बुडण्याच्या घटना पुन्हा पुन्हा घडल्या आहेत. किनाऱ्यावर ‘बीच रिसॉर्ट’ची पाटी आहे म्हणून तिथले पाणी सुरक्षित होत नाही.

भरती-ओहोटीचा विचार तर खोली घेताना कुणीच करत नाही. वास्तविक कालनिर्णय घरोघरी असते आणि हिशेब तोंडी होण्यासारखा आहे. तिथीची पाऊणपट काढा, ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, चालते. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी पुरी होते. म्हणजे पौर्णिमेच्या आसपास संध्याकाळी पाच-साडेपाचला पुळण चांगली रुंद मिळते, आणि अष्टमीला त्याच वेळी पाणी वर आलेले असते. याच हिशेबाने अंगारकीचे बघा. संकष्टी वद्य चतुर्थीची, म्हणून भरती दुपारी तीनच्या सुमारास. पौर्णिमेच्या उधाणाचा जोर तोवर पुरता ओसरलेला नसतो. गर्दी सर्वांत जास्त असते त्या वेळी देवळापुढची वाळू सर्वांत कमी उरते. लहान मुले घेऊन जाणाऱ्यांनी त्या दिवशी दर्शन सकाळी नऊच्या आत उरकावे आणि मुक्काम देवळापासून लांब, भंडारपुळे किंवा मालगुंडच्या बाजूला ठेवावा, कारण गाड्या आत सोडतीलच असे नाही.

रेल्वेची वेळ आणि खोलीची वेळ जुळत नाही, ही नेहमीची भानगड. रात्री मुंबईहून सुटणारी कोकणकन्या रत्नागिरीला उजाडण्यापूर्वी पोचते, मागोमाग तुतारी. खोली मात्र अकरा-बाराला मिळते. बुकिंग करतानाच ‘चोवीस तासांचा हिशेब की ठरावीक वेळ’ हे विचारावे. ठरावीक असेल तर पहाटेसाठी अर्धे भाडे देऊन खोली मिळेल का, हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्यावे. परतीची गाडीही रात्री उशिराची असते आणि खोली सकाळी दहाला सोडावी लागते. मधल्या बारा तासांत सामान कुठे ठेवणार? शेवटची रात्र शहरात काढली, तर हा प्रश्न सुटतो. पुळ्याहून रात्री स्टेशनला यायचे, तर आरे-वारेच्या अंधाऱ्या रस्त्याने गाडी करून यावे लागते. पावसाळी वेळापत्रकात गाड्यांचा वेग कमी केलेला असतो आणि वेळा बदलतात, तेव्हा जून ते ऑक्टोबर तिकिटावरची वेळ पुन्हा तपासावी.

खोली प्रत्यक्ष पाहायला मिळाली, तर पाच मिनिटांत बरेच काही कळते. न्हाणीघरात साबण हाताला चोळून बघा. फेस येत नसेल तर पाणी मचूळ आहे. किनाऱ्याजवळच्या बोअरमध्ये, विशेषतः एप्रिल-मेमध्ये, खारेपण शिरते. विहिरीचे पाणी बहुधा गोडे असते, पण मे महिन्यात तळ दिसू लागला की टँकर येतो. मग सरकत्या खिडकीची खालची पट्टी बघा. तिला बाहेरच्या बाजूला पाणी निघून जायला बारीक भोके असतात. ती वाळूने बुजलेली असतील, तर पावसाच्या झडीचे पाणी पट्टीत साठून आत, थेट गादीकडे येते. पश्चिमेची खिडकी ही जाहिरातीची खिडकी. पण जून ते ऑगस्ट वारा-पाऊस तिकडूनच मारतो आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी तीननंतर तीच भिंत तापते. पावसाळ्यात पूर्वेची किंवा आतल्या अंगणाकडची खोली मागावी. कपाट उघडून वास घ्यावा. बुरशीचा वास असेल, तर ती खोली महिनोन्‌महिने बंद असावी. एसीचे बाहेरचे यंत्र खाऱ्या वाऱ्याने लवकर गंजते. त्याचा पत्रा पोखरलेला दिसला, तर आतल्या गारव्याची हमी नाही. वीज जाते तेव्हा इन्व्हर्टरवर पंखा आणि दिवे चालतात. एसी आणि गीझर चालत नाहीत. त्यासाठी जनरेटर आहे का, हे वेगळे विचारावे. गाडी माडाखाली लावू नये, हे सांगायची वेळ येऊ नये, पण दरवर्षी काचा फुटतात.

आंबा बागेतले घर हा हल्लीचा आवडता प्रकार. मे महिन्यात ते सुखाचे असते. पण पालवी-मोहोराच्या काळात, साधारण डिसेंबर ते मार्च, बागेत ठरावीक दिवसांनी औषधाची फवारणी होते. दम्याचा त्रास असलेले कुणी बरोबर असेल, तर फवारणी कधी आहे हे आधीच विचारावे. चांगला बागायतदार स्वतःहून तारीख बदलून देतो.

जेवणाबाबत दोन गोष्टी. घरगुती राहण्याच्या ठिकाणी यादी बघून मागवायचे नसते. दुपारच्या जेवणाचे सकाळी नऊ-दहापर्यंत आणि मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगावे लागते. पुळ्यात देवळाजवळ बऱ्याच घरांत मासे शिजत नाहीत, हे बुकिंगपूर्वीच विचारून घ्यावे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ‘आजचाच ताजा पापलेट’ असे कुणी म्हणाले, तर तो बर्फातला असण्याचीच शक्यता जास्त. खाडीचे मासे मागावेत. गौरी-गणपतीत आणि शिमग्यात खोली मिळाली, तरी वाढायला माणूस मिळेलच असे नाही. सगळे आपापल्या गावी, आपापल्या पालखीबरोबर. घरगुती ठिकाणे तर तेव्हा सरळ बंदच असतात.

पैशांचे शेवटी. सप्टेंबर २०२५ पासून रोजच्या ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के जीएसटी आहे, त्याहून महाग खोलीला १८ टक्के. बिलावर अजून जुना १२ टक्क्यांचा आकडा दिसला, तर बोट दाखवून विचारा. ज्या छोट्या घरगुती ठिकाणाकडे जीएसटी क्रमांकच नाही, त्याला हा कर लावताच येत नाही. मात्र तीच खोली ॲपवरून घेतली, तर ॲप कंपनी कर आकारते. म्हणून थेट फोन करून भाव विचारणे फायद्याचे ठरते. आगाऊ रक्कम भरताना यूपीआयवर उमटणारे नाव आणि ठिकाणाचे किंवा मालकाचे नाव जुळते का, ते पाहावे. नामांकित निवासांच्या आणि भक्तनिवासांच्या नावाने खोटी पाने तयार करून पैसे उकळले जातात. फसगत झालीच, तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवावे. उशीर झाला की पैसे गोठवता येत नाहीत. परदेशी पारपत्र असलेले नातेवाईक बरोबर असतील, तर त्यांची माहिती २४ तासांत ऑनलाइन कळवणे ठिकाणाच्या मालकावर बंधनकारक आहे. अनेक छोट्या घरांकडे ती सोय नसते आणि मग रात्री दारातून परत जायची पाळी येते. ‘चार जणांची खोली’ म्हणजे बहुधा एक डबल बेड आणि जमिनीवर दोन गाद्या, हेही जाता जाता.

आपल्याला एक विनंती. पर्यटन पुरवणीत निवासाच्या जाहिराती छापताना समुद्राचे अंतर रस्त्याने किती, पायऱ्या आहेत का आणि रेल्वे स्टेशन किती किलोमीटरवर, या तीन ओळी जाहिरातदाराकडून भरून घ्याव्यात. जागा फार जात नाही. फोटो थोडा लहान करावा लागेल, एवढेच.

आपला,
एक नियमित वाचक, रत्नागिरी