पाण्यात गाडी घालू नकोस

चि. ऋता हिस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "पुढची लँड रोव्हर गेली म्हणून मीही गेले, काही झालं नाही." त्यावर मी बरंच बोलले आणि तू फोन ठेवलास. म्हणून आता लिहिते. त्या गाडीचं हवा घेण्याचं तोंड उंचावर असतं, तुझ्या फिएस्टाचं पुढच्या जाळीमागे, खालीच. तिथून पाणी सिलिंडरमध्ये शिरलं की ते दाबलं जात नाही, पिस्टन अडतो, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन तिथेच संपतं. आणि इंजिनाचं काय, ते बदलता येतं. वाहतं पाणी फूटभर असलं तरी तुझ्या फिएस्टाएवढी गाडी उचलून नेतं.

शुक्रवारी तू घरी येशील तेव्हा पाऊस आहेच. ऑक्सफर्डहून निघण्याआधी टायर बघ. कायद्याने खाच १.६ मिलिमीटर खोल असली तरी चालते, पण ओल्या रस्त्यावर ३ च्या खाली मला चालत नाही. वीस पेन्सचं नाणं खाचेत उभं घाल, कडेची पट्टी दिसली तर टायर झिजलेत. दिवे 'ऑटो'वर सोडू नकोस. दिवसा आपोआप लागतात ते बऱ्याच गाड्यांत पुढचेच, मागून येणाऱ्याला तू दिसतच नाहीस. हेडलाइट हाताने लाव.

मोरटन-इन-मार्शपर्यंत काही नाही. बोर्टनचा चढ संपला की फिश हिलचा उतार येतो, त्याच्या वळणांआधीच गिअर खाली टाक, वळणात ब्रेक नको. पांढऱ्या पाटीवर काळी तिरकी पट्टी म्हणजे ताशी साठ मैलांची परवानगी, सक्ती नव्हे. साठला कोरड्यात थांबायला ७३ मीटर लागतात, ओल्यात दुप्पट. पुढची गाडी खांबाजवळून गेली की चार सेकंद मोज, त्याआधी तू तिथे पोहोचलीस तर फार जवळ आहेस. स्टीअरिंग एकदम हलकं लागलं तर टायर पाण्यावर तरंगताहेत. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय हळूच काढ, ब्रेक मारू नकोस.

सेव्हर्न नदी चढली असेल तर वुस्टरचा न्यू रोड बंद असू शकतो. एम५ मोटरवेपाशीच ए४४४० रस्ता धर आणि कॅरिंग्टन पुलावरून ये. न्यू रोडवरच्या क्रिकेट मैदानाचं तळं व्हायचं, त्यात हंस दिसले की तू सीटवर उभी राहायचीस आणि बाबांना गाडी थांबवायला लावायचीस. काय सांगत होते? हां, टीम नदी. नाइट्सफर्ड ब्रिजपाशी तिची पातळी किती आहे ते निघण्याआधी फोनवर बघून घे.

खरी भीती मला शेवटच्या दोन मैलांची. दोन्हीकडे उंच कुंपणं, ट्रॅक्टरने आणलेला चिखल, पाण्याखाली खड्डा आहे की नाही ते कळत नाही. तळ दिसत नसेल तर मागे फिर. पाणी उथळ आणि साचलेलं असेल तरच, समोरची गाडी आधी बाहेर येऊ दे, मग पहिल्या गिअरमध्ये, रस्त्याच्या मधोमध, न थांबता सावकाश. बाहेर आलीस की ब्रेक हलके दाबत वाळव. मध्येच बंद पडली तर पुन्हा स्टार्ट करायचं नाही. हे लिहिलं म्हणजे परवानगी दिली असं समजू नकोस.

पुन्हा भाषण झालं, राग मानू नकोस. तू एकटी ए४४ वरून येतेस हे आत्याला सांगताना माझा आवाज अभिमानाने चढतो, हे तुला बाबा सांगतीलच. आणि तोच रस्ता आठवला की मला झोप येत नाही.

फार पाऊस असेल तर वुस्टरला मावशीकडे झोप, शनिवारी उजेडात ये. पुरणपोळी शनिवारीही चालते. बाबा कुरकुर करतील, त्यांचं मी बघते.

तुझी,
आई