एका मुलीला एका दिवसात किती पळवणार?

संपादक महोदय,

१२ जुलै २०१८ रोजी फिनलंडमधल्या टाम्पेरे येथे हिमा दासने २० वर्षांखालील जागतिक स्पर्धेत ४०० मीटरचे सुवर्ण ५१.४६ सेकंदांत जिंकले. शेवटच्या वळणावर मागे असलेली हिमा सरळ पट्ट्यात सगळ्यांना मागे टाकून गेली. जागतिक पातळीवर ट्रॅकवर सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय. माझी पुतणी तेव्हा सात वर्षांची होती. मोबाईलवर बघून बघून तिला ती शर्यत पाठ झाली आणि गोव्यातल्या आमच्या वाळपईच्या तांबड्या मातीत ती धावू लागली. २०२३ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेला तिला बांबोळीला नेले, तर आधी तिने वाकून हाताने तिथला सिंथेटिक ट्रॅक चाचपून पाहिला.

हिमाची पुढची वर्षेही आपण आठवायला हवीत. ऑगस्ट २०१८ मध्ये जकार्ताला आशियाई खेळांत ४०० मीटरचा ५०.७९ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम. एप्रिल २०१९ मध्ये दोह्याला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत पाठीच्या दुखण्याने ४०० मीटर सोडावी लागली. २०२१ मध्ये मांडीचा स्नायू दुखावला आणि टोकियो ऑलिम्पिक हुकले. तिच्या पाठीशी राष्ट्रीय शिबिर होते. आमच्या पोरींपाशी कोण असते?

गेल्या वर्षी तालुका स्पर्धेत पुतणीला एकाच दिवशी १००, २००, ४०० मीटर आणि लांब उडीत उतरवले. शाळेला सर्वसाधारण विजेतेपदासाठी गुण हवे होते. दुपारी ती मांडवात पाय पसरून बसली होती, मांडीचा मागचा भाग दगडासारखा घट्ट. कुणीतरी स्प्रे मारला आणि तिला रिलेला उभे केले. बॅटन हातात आली, दहा-बारा पावले पडली आणि मांडी धरून ती खालीच बसली. बॅटन मात्र सोडली नव्हती. चार महिने धावणे बंद. थकलेला स्नायू भरवेगात पाय पुढे फेकताना फाटतो, हे डॉक्टरांनी नंतर समजावले.

मुलीच हौसेने नाव देतात, असे शिक्षक म्हणतात. चौदा वर्षांची मुलगी सरांना नाही कशी म्हणेल?

क्रीडा खात्याने शालेय स्पर्धांत दिवसाला एक वैयक्तिक प्रकार आणि एक रिले एवढीच मुभा द्यावी, त्यासाठी स्पर्धेचा एखादा दिवस वाढला तरी चालेल. मैदानावर दुखापती बघणारा एक फिजिओही (फिजिओथेरपिस्ट) हवाच.

पुतणी आता पुन्हा पहाटे धावते, अजून जपून. यंदा ती फक्त ४०० मीटर धावेल, असे आम्ही शाळेला लिहून दिले आहे.

– एक पालक, वाळपई, सत्तरी