संग्रहालयात शिकवणाऱ्यांनाही कुणी शिकवायला हवं

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

स. न. वि. वि.

संग्रहालयासाठी निधी म्हटलं की इमारत, काचेची कपाटं आणि दिवे यांची चर्चा होते. त्या कपाटासमोर मुलांना घेऊन जो उभा राहतो, त्याचा विचार फारसा होत नाही. मी सोलापुरात इतिहास शिकवते, दरवर्षी वर्ग घेऊन अशा ठिकाणी जाते, म्हणून हे पत्र.

तिथे बहुधा कुणीतरी फलकावरचा मजकूर वाचून दाखवतं, 'हात लावू नका' एवढंच मुलांच्या लक्षात राहतं आणि रांग बाहेर पडते. यात त्या कर्मचाऱ्याचा दोष नाही. शाळेतल्या शिक्षकाला डीएड-बीएड लागतं, नोकरीतही प्रशिक्षणं होतात. संग्रहालयातल्या या माणसाला मात्र मुलांशी कसं बोलावं हे कुणी सांगितलेलंच नसतं.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस आमच्या गावचे. १९३८ मध्ये युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांपैकी एक. सनावळी सांगितली की विषय दोन मिनिटांत संपतो. त्याऐवजी मुलांना विचारावं, रणांगणाजवळ दवाखाना मांडायचाय, औषधं मोजकीच आहेत, पेटीत काय न्याल? किंवा एखाद्या छायाचित्रासमोर थांबवून, 'काय दिसतंय? कशावरून म्हणता?' एवढंच विचारावं आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहावं. हे गप्प राहणं फार अवघड असतं, त्याचा सराव लागतो.

चादरीचंही तसंच. काचेतली सोलापुरी चादर पाहून जॅकार्ड, म्हणजे छिद्रांच्या पट्ट्यांनी नक्षी विणणारं यंत्र, कळत नाही. पुठ्ठ्याच्या चौकटीवर उभे धागे ताणून मुलांच्या हाती धोटा (आडवा धागा नेणारी नळी) द्यावा, छिद्रांची पट्टी दाखवावी: छिद्र असेल तिथला धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. नक्षी अशी उमटते, हे मग सांगावं लागत नाही. शहराच्या पूर्व भागातल्या एखाद्या निवृत्त विणकराला मानधन देऊन बोलवा. तो तेलुगूत बोलला तरी चालेल. वर्गातली निम्मी मुलं इतरांना समजावून सांगतील. आमच्या शहरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू एकाच बाकावर बसतात.

आमच्या जिल्ह्यातल्या हत्तरसंग कुडलचा शके ९४० चा मराठी शिलालेखही असाच हाताळता येईल. आधी छायाप्रतीवर ओळखीची अक्षरं शोधायची, मग दगडासमोर जायचं. सर्वांत कठीण आहे ते १९३० चं मार्शल लॉ प्रकरण, म्हणजे इंग्रजांनी सोलापुरात लावलेला लष्करी कायदा. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी झाली. दहा वर्षांच्या मुलाला फाशीबद्दल कसं सांगायचं, किती सांगायचं, हे प्रत्येकानं आपल्या मनानं ठरवू नये.

माझं मागणं मोठं नाही. पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयानं शालेय शिक्षण विभागाला सोबत घेऊन संग्रहालयांतल्या कर्मचाऱ्यांसाठी दरवर्षी सोलापुरातच निवासी कार्यशाळा घ्यावी. निम्मा वेळ खऱ्या वर्गासोबत जावा, नुसती भाषणं नकोत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची फिरत्या संग्रहालयाची बस आहे. तिथल्या अनुभवी मंडळींना मार्गदर्शनाला बोलवावं. कंत्राटी कर्मचाऱ्यांना त्या दिवसांचा पगार मिळावा, नाहीतर ते येणारच नाहीत. आणि जिल्ह्यासाठी संग्रहालय-शिक्षण अधिकाऱ्याचं निदान एक पद मंजूर करावं, ज्याचं काम फक्त संग्रहालयात येणारी मुलं एवढंच असेल.

यंदाच्या सहली दिवाळीनंतर सुरू होतील. पहिली कार्यशाळा त्याआधी व्हावी, ही कळकळीची विनंती.

आपली,
सोलापुरातील एक इतिहास शिक्षिका