केबल घ्या नाहीतर डिश, पण बॉक्स बदलायची सक्ती नको

संपादक साहेब, नमस्कार.

केबल बरी की डिश, हे ठरवताना लोक फक्त महिन्याचं पॅकेज बघतात पण आधी आपली जागा बघा ना. कोकणात जुलैमध्ये जोराची सर आली की डिशचा सिग्नल जातो, कारण डिशला येणाऱ्या केयू बँडच्या (म्हणजे उपग्रहावरून येणाऱ्या उच्च फ्रिक्वेन्सीच्या) लहरी पावसात कमजोर होतात, केबलला हा त्रास कमी, पण गल्लीतल्या, सिग्नल वाढवणाऱ्या अॅम्प्लिफायरची लाइट गेली की केबलही बंद, मग घरी इन्व्हर्टर असून काय उपयोग! वाडीवर वायरच पोचत नसेल तर डिशच घ्यावी लागते, आणि बातम्या, सह्याद्री एवढंच बघणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना दूरदर्शनची फ्री डिश पुरते, तिला महिन्याचा रिचार्जच नाही.

खरा राग बॉक्सचा आहे. कंपनी बदलली की चांगला चालणारा सेट टॉप बॉक्स भंगारात. मोबाइलची कंपनी बदलताना कोणी हँडसेट फेकायला लावतं का? ट्रायने, म्हणजे दूरसंचार आणि केबल-डिशवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी नियामकाने, एप्रिल 2020 मध्येच शिफारस केली होती की बॉक्स कुठल्याही कंपनीला चालणारे असावेत. माहिती व प्रसारण मंत्रालयाने ते सक्तीचं करावं, आणि तुमच्या पेपरने हा विषय लावून धरावा ही कळकळीची विनंती.

– एक ग्राहक, रत्नागिरी