मूळ फायलींविषयी

सांगली, रविवार रात्र

चि. मनू हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर मी जे बोललो, ते मी बोलायला नको होते. माझ्या आईच्या ओव्या जुन्या फाँटातून युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सगळ्या यंत्रांवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, आणताना सात फायली रिकाम्या झाल्याचे तू आपणहून सांगितलेस. सांगितले नसतेस तर मला महिनाभर कळलेही नसते. एकेचाळीसपैकी चाचणीपुरत्या सातच घेण्याचे शहाणपण तू दाखवले होतेस, याकडेही रागाच्या भरात माझे लक्ष गेले नाही. त्या सातही जुन्या सीडीवर सापडल्या आणि आज दुपारी तुला पाठवल्या आहेत, तेव्हा तो विषय संपला. फक्त एवढेच विचारतो, की या वेळी सगळ्या फायलींची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये काढून ठेवलीस ना?

नेमके काय झाले ते मामाने मला समजावून सांगितले. प्रोग्राममध्ये फाइल लिहिण्यासाठी ‘डब्ल्यू’ लावून उघडली की तिच्यात एक अक्षर लिहिण्याआधीच ती शून्य बाइटची होते, आणि तू जिच्यातून वाचत होतीस तीच फाइल लिहिण्यासाठीही उघडली होतीस. पायथन या तुझ्या प्रोग्रामच्या भाषेत ‘डब्ल्यू’ऐवजी ‘एक्स’ लावता येतो. त्या नावाची फाइल आधीपासून असेल तर प्रोग्राम तिथेच थांबतो. तो वापर, आणि नवा मजकूर नव्या फोल्डरमध्येच जाऊ दे.

या फायली मी छापखाना सुटल्यावर, रात्री आठनंतर टाइप केल्या आहेत. आई शेजारी स्टुलावर बसून जात्यावरच्या ओव्या सांगायची, पण नुसत्या सांगून तिला पुढची ओळ आठवायची नाही, म्हणून ती हात जात्याच्या खुंट्यावर असल्यासारखा फिरवत म्हणायची आणि मी टाइप करायचो. तू तेव्हा कागदाच्या रिमांवर झोपलेली असायचीस. तेव्हाच्या फाँटात मराठी अक्षर दिसायचे, पण फायलीत प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांचे आकडे साठायचे. म्हणूनच तो फाँट नसलेल्या यंत्रावर आज त्या ओव्या अर्थहीन इंग्रजी अक्षरांसारख्या दिसतात. जे काम हाताने करायला मला दोन महिने लागले असते, ते तुझ्या साठ ओळींचा प्रोग्राम काही सेकंदांत करतो, हे मी छापखान्यातल्या जुन्या मंडळींना सांगून आलो आहे.

मात्र काही ठिकाणी तुला माझा उपयोग होईल. त्या फाँटात पहिली वेलांटी डोळ्यांना दिसते तशी अक्षराआधी टाइप करावी लागे, आणि युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठते. तेव्हा ‘स्थिती’ शब्दात तिला नुसत्या अर्ध्या ‘स’पुढे नेऊन चालणार नाही, पूर्ण ‘स्थ’ ओलांडून न्यावे लागेल. रफाराचे उलट आहे, तो आम्ही अक्षरानंतर टाइप करत असू आणि तुला तो आधी आणावा लागेल. बदलांच्या तक्त्यात लांब जोड्या आधी घे, नाहीतर त्यांतले सुटे तुकडे आधी बदलले जाऊन पुढची जोडी जुळणारच नाही. आणि ‘दऱ्या’ व ‘दर्या’ यांची गल्लत होऊ देऊ नकोस. आईच्या ओव्यांत माहेरच्या वाटेवर दऱ्या आहेत, समुद्र तिने पन्नाशी उलटल्यावर पाहिला.

आणखी एक. जुनी फाइल यूटीएफ-८ (युनिकोड साठवण्याची पद्धत) समजून वाचताना प्रोग्राम चूक झाल्याचा संदेश देऊन अडला, तर ‘इग्नोर’ लिहून त्याला पुढे ढकलू नकोस. मग तो अडत नाही, पण न कळलेली चिन्हे गाळून पुढे जातो आणि कोणते अक्षर गेले हे कोणालाच कळत नाही. अशा वेळी मूळ फाइल जशीच्या तशी हाताशी असावी लागते, म्हणून प्रतीचे पुन्हा सांगतो.

मी पुन्हा उपदेश करू लागलो, याची मला जाणीव आहे, क्षमा कर. तुझे शिक्षण माझ्याहून जास्त आहे आणि हे काम तू नोकरी सांभाळून, जागरणे करून करते आहेस. पण गेल्या मंगळवारी आईने मला दादांच्या नावाने हाक मारली. संध्याकाळी मी एका ओवीचा पहिला चरण म्हटला, तिने हात फिरवायला सुरुवात केली, आणि शब्द आले नाहीत. हात बराच वेळ फिरत राहिला. या ओव्या आता तिच्याकडून पुन्हा उतरवून घेता येणार नाहीत, म्हणून काल माझा आवाज चढला. तुझ्यावर माझा राग नव्हता.

पहिली फाइल तयार झाली की ती मोठ्या अक्षरांत छापून पाठव, म्हणजे मी आईला वाचून दाखवीन. दिवाळीला लवकर ये.

तुझा,
बाबा

ता. क. सीडी मी बंडूबरोबर पाठवत नाही, ती माझ्या कपाटातच राहू दे. तिच्यावर काही लिहिले जात नाही, याचा मला आधार वाटतो. प्रत काढलीस की एका ओळीने कळव.