अनोळखी ताईंना कृतज्ञतापूर्वक

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

आपली प्रत्यक्ष भेट झालेली नाही, तरीही माझी अडचण आपण इतक्या आपुलकीने सोडवलीत की आपले आभार जाहीरपणे मानावेत असे मनापासून वाटले.

तीन वेळा उसवूनही माझी क्रोशाची शाल पॅटर्नमधल्या, म्हणजे विणण्याच्या लिखित सूचनांमधल्या, मापापेक्षा खूप उंच होत होती आणि लोकर अर्ध्यातच संपत होती. आपण फोटो मागवलात, टाके मोजलेत आणि एवढेच विचारलेत, की पॅटर्नमध्ये ‘सिंगल क्रोशे’ हा शब्द कुठे आढळतो का. तो कुठेच नव्हता. अमेरिकी पद्धतीतला सिंगल क्रोशे, म्हणजे आपला मुका खांब हा बुटका टाका, ब्रिटिश पद्धतीत डबल क्रोशे म्हटला जातो आणि अमेरिकी डबल क्रोशे, म्हणजे आपला खांब हा उंच टाका, तिथे ट्रेबल ठरतो, हे मला ठाऊकच नव्हते. ‘सिंगल क्रोशे’ कुठेच नव्हता, म्हणजे पॅटर्न ब्रिटिश होता आणि मी प्रत्येक मुक्या खांबाच्या जागी खांब घालत होते.

शब्दांवरून संभ्रम झाला तर पॅटर्नमधली टाक्यांच्या खुणांची आकृती पाहावी, हेही आपणच शिकवलेत. लंबगोल म्हणजे साखळी, फुली किंवा अधिकची खूण म्हणजे मुका खांब आणि इंग्रजी ‘टी’च्या दांड्यावर एक तिरकी रेघ म्हणजे खांब, एवढे कळल्यावर कोणत्या देशाचा पॅटर्न आहे याची चिंता उरली नाही. ओळीच्या शेवटी दिलेला टाक्यांचा आकडा मी पूर्वी वाचतही नसे. आता तो जुळल्याशिवाय पुढची ओळ सुरू करत नाही. आधी लहानसा चौकोन विणून 10 सेंटिमीटरमधले टाके मोजण्याचा आपला आग्रहही योग्यच होता, कारण माझा हात घट्ट असल्यामुळे 4 मिलिमीटरऐवजी 4.5 मिलिमीटरची सुई घ्यावी लागली.

2007 पासून सुरू असलेल्या रॅव्हलरी या विणकामाच्या संकेतस्थळावर सुईच्या मापावरून आणि लोकरीच्या जाडीवरून पॅटर्न शोधता येतात, हे मला माहीत होते. परंतु मुख्य फोटोला न भुलता इतरांनी विणलेल्या वस्तूंचे फोटो आणि त्यांच्या टिपा आधी पाहाव्यात, ही आपली सूचना मला सर्वांत मोलाची वाटते. जो पॅटर्न कोणीच पूर्ण केलेला दिसत नाही, त्यासाठी लोकर विकत घेण्यापूर्वी मी आता थांबते.

शाल पूर्ण झाली आहे. शेवटच्या ओळीतले टाके मी दोनदा मोजले आणि दोन्ही वेळा ते बरोबर भरले. फोटो सर्वांत आधी आपल्यालाच पाठवत आहे.

आपली कृतज्ञ,
एक विणकाम शिकणारी