फौंड्री विकल्यावर

कोल्हापूर

प्रिय अरविंद,
सप्रेम नमस्कार.

तुझे सविस्तर पत्र मिळाले. साताऱ्याच्या कारखान्यासाठी आलेल्या प्रस्तावावर तुझे आणि ताईंचे अजून एकमत होत नाही, आणि आम्ही भावांनी शिरोलीची फौंड्री, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाचा कारखाना, २०२२ मध्ये विकलेली असल्यामुळे त्यानंतरचे आयुष्य कसे असते ते मी मोकळेपणाने लिहावे, अशी तुझी इच्छा आहे. किंमत रास्त आहे की नाही ते तुझे सी.ए. सांगतील. मला मुख्यत्वे एकाच गोष्टीविषयी लिहायचे आहे: वर्षानुवर्षे दोघांनी मिळून निर्णय घेतलेले असतात, त्या सवयीचे विक्रीनंतर काय होते.

आमची कामाची वाटणी तू पाहिलेली आहेस. १९९३ साली शेड उभी राहिली तेव्हापासून भट्टी, साच्यांची वाळू आणि कामगार माझ्या थोरल्या भावाकडे, अण्णांकडे, तर ग्राहक, बँक आणि हिशेब माझ्याकडे. हीट, म्हणजे भट्टीतला वितळलेल्या लोखंडाचा एक घाणा, तयार झाली की अण्णा लोखंड ओतायची परवानगी लगेच देत नसत. आधी थोडा रस कोअरच्या वाळूच्या लहानशा पाचरीच्या साच्यात ओतून घेत, तो तुकडा पाण्यात विझवून हातोड्याने फोडायला लावत आणि तुटलेली बाजू उजेडाकडे धरून टोकाची पांढरी पट्टी नखाने मोजत. पट्टी रुंद दिसली तर कास्टिंग, म्हणजे ओतून तयार होणारा भाग, कडक निघणार आणि ग्राहकाच्या मशीनवर टूल मोडणार, हे त्यांना लगेच समजे. मग तो कडकपणा कमी करणाऱ्या फेरोसिलिकॉनचे प्रमाण वाढवून पुन्हा पाचर ओतली जाई. पुढे आम्ही स्पेक्ट्रोमीटर घेतला, कार्बन आणि सिलिकॉनचे आकडे छापून मिळू लागले, तरी त्यांनी पाचर फोडणे सोडले नाही. रसात काय काय आहे ते यंत्र सांगते, पण तो रस गोठणार कसा ते पाचरच सांगते, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते अगदी बरोबर होते. लॅडल, म्हणजे रस ओतायचे पात्र, भट्टीसमोर धरून मोल्डर उभे असत, रस थंड होत असे, ऑफिसात मी गाडी भरायची वेळ टळते आहे म्हणून अस्वस्थ होत असे, आणि तरीही अण्णांचा होकार येईपर्यंत काही हलत नसे.

हा त्यांचा स्वभाव सगळ्याच व्यवहारांत होता, आणि माझा स्वभाव त्याच्या विरुद्ध दिशेने घडत गेला. २००८ च्या मंदीत ऑर्डरी आटल्या होत्या. त्या परत येऊ लागल्यावर मी विजेवर चालणाऱ्या दोन नव्या इंडक्शन भट्ट्यांचा प्रस्ताव मांडला, अण्णांनी एकही नको म्हटले, आणि आठवडाभराच्या वादावादीनंतर एक भट्टी आली. आम्हा दोघांनाही ती एकच हवी होती, असे मला आज वाटते. अण्णा अर्धे कापणार हे ठाऊक असल्यामुळे मी दुप्पट मागत असे, आणि मी रेटणार हे ठाऊक असल्यामुळे ते सुरुवातीला सरळ नकार देत. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आले आणि पुणे-बंगळूर वाहतूक कित्येक दिवस बंद पडली. तयार माल आवारात अडकला होता आणि ग्राहकाची लाइन थांबायची वेळ आली होती, तेव्हाही मिळेल त्या आडवाटेने गाडी काढा म्हणणारा मी होतो आणि पाणी उतरेपर्यंत एकही ड्रायव्हर धोक्यात घालायचा नाही म्हणणारे अण्णा होते. गाडी थांबली, मी ग्राहकाला फोनवर सांभाळून घेतले, आणि वर्षाअखेरीस ते काम आमच्याकडेच राहिले. बाहेरच्या लोकांना त्या काळी वाटे की या भावांचे पटत नाही. आमचा कारखाना त्या न पटण्यावरच चालला होता.

विकण्याची कारणे साधीच होती. आमची मुले वेगळ्या वाटांनी गेली. वाहन उद्योगातले ग्राहक नुसते कास्टिंग न घेता मशीनिंग करून तयार भाग मागू लागले होते, त्यासाठी संगणकावर चालणाऱ्या सीएनसी यंत्रांत मोठे भांडवल घालावे लागले असते, आणि अण्णा पासष्टीच्या पुढे गेले होते. त्या एका प्रश्नावर मात्र आम्ही दोघे पहिल्या दिवसापासून एकाच बाजूला होतो. वाद झाला नाही, म्हणून मला पहिल्यांदाच भीती वाटली.

पैसे जमा झाल्यावर पहिल्या वर्षी जे घडले ते तुला सांगितलेच पाहिजे. आयुष्यभर धाडस करणारा म्हणून ओळखला गेलेला मी मुदतठेवींपलीकडे एक रुपया हलवू शकत नव्हतो. चांगले प्रस्ताव आले, कागद वाचले, मनात होकार तयार होई आणि तिथेच थांबे, कारण माझा होकार नेहमी कोणाच्या तरी नकारावर घासून तयार झालेला असे आणि आता तो नकार समोर नव्हता. त्याच सुमारास, एका खिळ्याच्या खरेदीलाही तीन कोटेशने मागणारे अण्णा पन्हाळ्याच्या बाजूची जमीन घ्यायला सातबारा नीट न पाहता तयार झाले. इतर हक्कांच्या रकान्यात कुळाची नोंद होती, म्हणजे जमिनीवर दुसऱ्याचा हक्क निघू शकत होता. वहिनींनी मला बोलावून घेतले म्हणून तो व्यवहार थांबला. बैलजोडीतला डावीकडे जुंपायची सवय झालेला बैल एकटा सोडला की तिरका चालतो, तसे आम्ही दोघे चालत होतो.

यावर आम्ही काढलेला मार्ग अगदी व्यावहारिक आहे. दोघांचे खाते, घर आणि गुंतवणूक वेगळी आहे, तरीही ठरावीक रकमेपलीकडचा कोणताही व्यवहार दुसऱ्यापुढे मांडल्याशिवाय करायचा नाही, असे आम्ही ठरवले. आठवड्यातून एकदा मी कागद घेऊन अण्णांकडे जातो, ते चष्मा लावून प्रत्येक ओळीवर शंका काढतात, आवाज चढतात, वहिनी चहा ठेवून आत निघून जातात. मला त्या दिवशी शांत झोप लागते. आमच्या घरातल्या मंडळींना हे विचित्र वाटते, पण भाऊ म्हणून एकमेकांशी बोलायची आम्हाला ठाऊक असलेली रीत हीच आहे आणि ती जपण्यासारखी आहे, असे माझे ठाम मत आहे.

अण्णांना झालेला दुसरा त्रास करारातल्या स्पर्धा न करण्याच्या कलमाचा होता. पाच वर्षे कोल्हापूर, सांगली, सातारा आणि बेळगाव या जिल्ह्यांत ओतकामाचा धंदा करायचा नाही, ही अट खरेदीदाराच्या बाजूने समजण्यासारखी आहे. परंतु पहिल्या मसुद्यात सल्ला देणे आणि शिकवणे हेही त्यात आले होते. माझ्यासारख्या हिशेबाच्या माणसाला त्याने फारसा फरक पडत नव्हता. अण्णांच्या हातातले मात्र सगळेच जात होते. आम्ही अडून बसलो आणि शिकवण्याची मुभा लिहून घेतली. आज ते आठवड्यातले दोन दिवस तरुण सुपरवायझरांना वाळूतला ओलावा आणि ती बांधून ठेवणारी बेंटोनाइट माती यांचे गणित समजावून देतात, आणि अर्थातच पाचर फोडून दाखवतात.

म्हणून तुझ्या प्रश्नाचे माझे उत्तर असे. ताईंचा नकार मतदानात हरवू नकोस. त्या कोणत्या मुद्द्यावर अडल्या आहेत ते लिहून काढ आणि तो मुद्दा खरेदीदारापुढे वाटाघाटीत ठेव. तुमच्या कारखान्याला आजवर ज्या विरोधाने सावरले तोच विरोध या करारालाही सावरील. स्पर्धा न करण्याबद्दल वेगळी रक्कम दाखवण्याचा आग्रह झाला तर आधी सी.ए.ना विचार, कारण ती भांडवली नफ्याऐवजी व्यवसायाचे उत्पन्न म्हणून करपात्र ठरू शकते. जागा एमआयडीसीची भाडेपट्ट्यावरची असल्यामुळे हस्तांतरणाची परवानगी आणि शुल्क कोणी भरायचे ते आधीच ठरव. कामगारांच्या बाबतीत आमच्या वेळी औद्योगिक विवाद कायदा, १९४७ चे कलम २५-एफएफ, म्हणजे कारखान्याची मालकी बदलताना कामगारांच्या हक्कांविषयीचे कलम, लागू होते. सेवा अखंड, अटी पूर्वीपेक्षा कमी नाहीत आणि जुन्या सेवेची जबाबदारी नव्या मालकावर, या तिन्ही गोष्टी करारात स्पष्ट आल्याखेरीज अण्णांनी सही केली नाही. मोल्डिंगमधली जुनी माणसे आजही रस्त्यात भेटली की थांबून बोलतात, ते त्यामुळेच. नवे कामगार कायदे आल्यावर हीच तरतूद कुठल्या कलमात आहे ते वकिलाकडून पाहून घे, पण मुद्दा सोडू नकोस.

मसुदा आला की त्याची प्रत मला पाठव; मी तो अण्णांपुढेही ठेवीन, आणि ते ज्या ओळींवर बोट ठेवतील त्या तुला तशाच कळवीन. ताईंना माझा नमस्कार सांग, आणि शक्य असेल तर सही करण्याआधी त्यांना घेऊन एकदा कोल्हापूरला ये. त्यांच्या शंका अण्णांच्या शंकांच्या जातीच्या आहेत. त्या दोघांना समोरासमोर बसवले पाहिजे.

तुझा,
वसंत